ट्रॅकचे पॅड आणि परतीचा घाट

खानदेशात उत्तरेकडून या नाहीतर दक्षिणेकडून, घरी पोचायच्या आधी घाट उतरावाच लागतो. इंदूरकडून येताना सेंधवा मागे पडलं की बिजासनचा उतार, मग पळासनेर, शिरपूर आणि तापीचा पूल. संभाजीनगरकडून येताना कन्नडचा घाट उतरला की पायथ्याशी चाळीसगाव. पहिल्या ट्रॅक डेसाठी, म्हणजे आपली गाडी शर्यतीच्या ट्रॅकवर पळवायच्या दिवसासाठी, ब्रेक पॅड घ्यायला निघालेल्या पोरांना मी सांगेन की आधी हा उतार डोळ्यांपुढे आणा, ट्रॅकचं नंतर बघू.

याचं कारण साधं आहे. आपल्या भागात ट्रॅक नाही. ग्रेटर नोएडाचं ५.१२५ किलोमीटरचं बुद्ध सर्किट, चेन्नईजवळ इरुंगट्टुकोट्टईचं ३.७ किलोमीटरचं मद्रास इंटरनॅशनल सर्किट, कोइमतूरजवळचा २.१ किलोमीटरचा कारी मोटर स्पीडवे, यांपैकी कुठेही जायचं तर धुळ्या-जळगावहून हजार किलोमीटरच्या वरचा रस्ता आहे. ट्रेलरवर गाडी नेणारे थोडे. बहुतेक जण रोजचीच गाडी चालवत नेतात, तीच ट्रॅकवर पळवतात आणि तिच्यातच घरी येतात. म्हणजे एकाच पॅडने थंडीतल्या पहाटे गार असताना धरलं पाहिजे, दुपारी ट्रॅकवर लाल होईपर्यंत तापूनही धरलं पाहिजे आणि दोन दिवसांनी थकलेल्या अवस्थेत घाटही उतरवला पाहिजे. ‘सगळ्यात कडक पॅड कुठला?’ हा प्रश्न म्हणूनच चुकीचा वाटतो. किती तापमानापासून किती तापमानापर्यंत हा पॅड सारखाच वागतो, हे विचारायला हवं.

चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी तबकडीला, म्हणजे डिस्कला, दोन्हीकडून पॅड दाबले जातात. असा ब्रेक गाडीचा वेग खातो आणि त्याची उष्णता करतो, एवढंच त्याचं काम. हिशेब करून पाहण्यासारखा आहे. चालकासह ११०० किलोची छोटी हॅचबॅक धरा. ताशी १५० वरून ६० वर आणताना साधारण ८०० किलोज्यूल ऊर्जा ब्रेकमध्ये जाते. वजन पुढे झुकत असल्यामुळे त्यातला ७० टक्के वाटा पुढच्या दोन चाकांचा, म्हणजे एका डिस्कला २८० किलोज्यूल. डिस्क पाच किलोची असेल तर एका दाबात तिचं तापमान ११५ अंशांच्या आसपास वर जातं. गावात ताशी ६० वरून पूर्ण थांबताना तीच डिस्क जेमतेम २०-२२ अंशांनी तापते. ट्रॅकवर असे मोठे दाब एका फेरीत चार-पाच येतात, फेरी दोन-अडीच मिनिटांची, आणि मधल्या सरळ रस्त्यावर वारा जेवढं गार करेल तेवढंच. दोन-तीन फेऱ्यांत डिस्क ४००-५०० अंशांवर जाऊन बसते, ती अशी.

घाटाची गोष्ट वेगळी. ३०० मीटर उंची उतरायची असेल तर याच गाडीला ३२०० किलोज्यूल कुठेतरी टाकावे लागतात. हे ट्रॅकवरच्या चार मोठ्या दाबांएवढे झाले, पण आठ-दहा मिनिटांत पसरलेले, आणि खालच्या गिअरमध्ये ठेवलं तर त्यातला बराच भाग इंजिनच खातं. मालट्रकवाले माथ्यावरच गिअर टाकून घाट उतरतात ते याचसाठी. जो ब्रेकवर पाय ठेवून उतरतो त्याच्या ब्रेकला हवेने गार व्हायची उसंतच मिळत नाही. नवखा चालक ट्रॅकवर नेमकं हेच करतो. वळण दिसलं की लवकर, हलका आणि लांबलचक ब्रेक लावतो. ऊर्जा तेवढीच, पण उष्णतेला पॅडमधून कॅलिपरमध्ये (पॅड धरून डिस्कवर दाबणारा भाग) आणि तिथून ब्रेक ऑईलमध्ये झिरपायला जास्त वेळ मिळतो. पहिल्या ट्रॅक डेला पॅड जळतात ते वेगापेक्षा या घासत जाण्यानेच जास्त. सरळ रेषेत, ठाम आणि थोडक्यात दाबायचं, मग पाय हळूहळू सैल करत वळणात शिरायचं, हे शिकायलाच तर तिथे जायचं असतं.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये ४५ अंशांची हवा असते, तेव्हा लोक म्हणतात की या उन्हात ब्रेक टिकणार कसे. खरं सांगायचं तर ४५० अंशांच्या डिस्कला २५ अंशांची हवा काय आणि ४५ ची काय, फरक थोडाच. त्या उन्हाचा त्रास टायरला, रेडिएटरला आणि हेल्मेटमधल्या डोक्याला जास्त होतो.

आता पॅडच्या जाती. कंपनीकडून गाडीत येतो तो पॅड रेझिनने बांधलेला असतो; त्यात तंतू, थोडा धातू, ग्रॅफाइट आणि घर्षण वाढवणारी भुकटी. गार असताना लगेच धरतो, आवाज करत नाही, डिस्क खात नाही. गावासाठी तो उत्तम आहे. पण ३०० ते ४०० अंशांच्या दरम्यान त्याचं रेझिन जळू लागतं, वायू सुटतो, पृष्ठभाग काचेसारखा गुळगुळीत होतो आणि घर्षण घसरतं. दुसऱ्या टोकाला निव्वळ शर्यतीचे पॅड. ते २००-३०० अंशांवर जागे होतात आणि ७००-८०० पर्यंत टिकतात. खापरावर मांडे करणाऱ्या बाईला हे समजावून सांगायची गरज नाही. खापर गार असेल तर मांडा धड भाजत नाही, फार तापलं तर करपतो, आणि ते नेमकं तापलंय हे तिचा हात ओळखतो. शर्यतीच्या पॅडचं खापर रोजच्या रस्त्यावर कधी तापतच नाही. धुळ्याच्या डिसेंबरातल्या पहाटे हवा सात-आठ अंशांवर असताना गल्लीतून बाहेर पडलात आणि पहिल्याच चौकात म्हैस आडवी आली, तर पेडल दगडासारखं कडक लागेल आणि गाडी पुढेच जाईल. शिवाय गार असताना हे पॅड कानशीसारखे डिस्क खरवडतात, किंचाळतात, आणि त्यांची धातूची भुकटी चाकाच्या रिमवर गंजून चिकटते ती धुऊन जात नाही.

नवख्याची जागा या दोघांच्या मधली. फास्ट रोड किंवा ट्रॅक डे म्हणून विकला जाणारा पॅड घ्यायचा, जो गार असताना धरतो आणि ५००-६०० अंशांपर्यंत ढळत नाही. फेरोडोचा डीएस २५०० हा या जातीचा जुना आणि परिचित नमुना. ईबीसी, हॉक, पॅजिड यांच्याही यादीत या पायरीचे पॅड आहेत. नावापेक्षा कंपनीने दिलेला तापमान आणि घर्षणाचा आलेख बघा. त्यात रेषा शक्य तितकी सपाट हवी. मधेच उंच उडी मारणारी रेषा म्हणजे दुसऱ्या फेरीत एक पेडल आणि पाचव्या फेरीत दुसरंच. नवख्याच्या पायाला सगळ्यात जास्त गरज सारखेपणाची असते, कारण त्याला अजून स्वतःची चूक आणि गाडीची चूक वेगळी ओळखता येत नाही.

काही पॅडच्या कडेवर लांबलचक कोड छापलेला असतो, त्याच्या शेवटी इंग्रजीतली दोन अक्षरं असतात. पहिलं अक्षर नेहमीच्या तापमानाचा घर्षणांक सांगतं, दुसरं तापल्यावरचा. ई म्हणजे ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५. कोड एफई असेल तर तापल्यावर हा पॅड एक पायरी खाली उतरतो. एफएफ किंवा जीजी असेल तर निदान त्या चाचणीच्या तापमानात टिकतो. चाचणी ट्रॅकएवढी कडक नसते, म्हणून एवढ्यावर विसंबायचं नाही, पण दुकानात दोन डबे समोर असताना हा कोड कामाला येतो.

पॅडचा चावा, म्हणजे पकड, जास्त म्हणजे गाडी लवकर थांबते, हा गैरसमज फार पसरलेला आहे. एबीएस (जोरात ब्रेक लावला तरी चाक अडकू न देणारी यंत्रणा) चालू होईपर्यंत कंपनीचा गार, चांगला पॅडही चाक अडवू शकतो. त्यापुढे थांबण्याचं अंतर टायर ठरवतो. पॅडचं काम एवढंच की जे पहिल्या दाबाला झालं ते पंधराव्या दाबालाही व्हावं. साध्या टायरवर फार चावरे पॅड लावले तर एबीएस सारखं कडकडत राहतं आणि चालक काही शिकत नाही. मागच्या चाकांबाबत जास्तच जपायला हवं. मागे डिस्क असतील तर पुढच्याच जातीचे किंवा थोडे मवाळ पॅड घाला. पुढे साधे आणि मागे कडक असं कधीही नको, कारण ब्रेक लावताना मागचं चाक आधी सुटलं की गाडी गरकन फिरते. आपल्याकडच्या बऱ्याच हॅचबॅकना मागे ड्रम असतात. ते तसेच ठेवा, फक्त उघडून लायनर किती उरलंय आणि व्हील सिलिंडर पाझरतोय का ते बघून घ्या.

एक अडचण पैशांपेक्षाही मोठी आहे. बाहेरच्या कंपन्यांच्या याद्या युरोपातल्या गाड्यांच्या असतात, आणि त्याच नावाच्या भारतीय गाडीला कॅलिपर वेगळा असू शकतो. म्हणून जुना पॅड काढून त्याची लांबी, उंची, जाडी व्हर्नियरने मोजा, पाठीच्या पत्र्याचा आकार कागदावर उतरवून घ्या आणि पॅडच्या कॅटलॉगमधल्या आकृतीशी ताडून मगच मागवा. ‘थोडा घासला की बसतो’ असं कुणी म्हणालं तर नको म्हणा. पत्र्याचे कान (दोन्ही बाजूंची टोकं) घासून बसवलेला पॅड कॅलिपरच्या खाचेत एकतर अडकतो नाहीतर खडखडतो. बनावट डब्यांपासूनही सांभाळा. स्वस्त पॅडचं सगळ्यात भयंकर रूप म्हणजे तापल्यावर मसाला (पॅडचा घासणारा थर) पत्र्यापासून सुटून येतो आणि लोखंडावर लोखंड घासतं. तुमच्या गाडीला ट्रॅक डेचा पॅड मिळतच नसेल तर कंपनीचे अस्सल, नवे पॅड, ताजं ब्रेक ऑईल आणि दोन-दोन फेऱ्यांची छोटी सत्रं, एवढ्यावरही पहिला दिवस छान जातो.

आणि ब्रेक ऑईल. माझ्या मते खर्चाचा पहिला रुपया इथे जायला हवा, पॅडवर नंतर. आपण ऑईल म्हणतो, पण गाड्यांमध्ये असतं ते ग्लायकॉल जातीचं द्रव आहे. त्यात चुकून इंजिन ऑईल पडलं तर सगळी रबरी सीलं फुगून निकामी होतात. हे द्रव हवेतली वाफ ओढून घेतं, आणि पाणी शिरलं की त्याचा उत्कलनबिंदू कोसळतो. बाटलीवर डॉट आणि आकडा अशी याची प्रत लिहिलेली असते. डॉट ३ ताजं असताना निदान २०५ अंशांना उकळतं, ओलं झालं की १४० ला. डॉट ४ ताजं २३०, ओलं १५५. डॉट ५.१ ताजं २६०, ओलं १८०. ओलं म्हणजे फक्त ३.७ टक्के पाणी, जे दोन पावसाळे पाहिलेल्या गाडीत सहज असू शकतं. शर्यतीसाठीची द्रवं ताजी असताना ३०० च्याही वर टिकतात. नुसतं डॉट ५ लिहिलेली बाटली मात्र सिलिकॉनची असते, ती या गाड्यांना चालत नाही.

उकळल्यावर काय होतं? द्रव दाबलं जात नाही म्हणून ब्रेक लागतो. वाफेचे बुडबुडे दाबले जातात, म्हणून पेडल थेट तळाला जातं. पेडल कडक आणि गाडी थांबत नसेल तर पॅड थकलाय, पेडल मऊ होऊन खाली जात असेल तर ऑईल उकळलंय. हा फरक पाठ असू द्या. गॅरेजमध्ये जाऊन ‘ब्रेक धरत नही भो’ एवढंच सांगितलं तर मेकॅनिक पॅड बदलेल, आणि दोष ऑईलमध्ये असेल तर तो तसाच राहील.

बहुतेक छोट्या गाड्यांना एक लिटर सीलबंद डॉट ४ पुरतं. टाकीतलं काळं ऑईल आधी पिचकारीने ओढून काढायचं, नवं भरायचं, मग चारही चाकांची एअर काढायची, म्हणजे नळ्यांतलं जुनं ऑईल आणि हवा बाहेर काढायची. सर्वसाधारण रीत अशी की मास्टर सिलिंडरपासून (पेडलच्या जोराने ऑईल दाबणारा भाग) सर्वात लांबच्या चाकापासून सुरुवात, म्हणजे आपल्या उजव्या स्टिअरिंगच्या गाडीत मागचं डावं. पण एबीएसच्या काही गाड्यांत क्रम वेगळा असतो, तेव्हा गाडीच्या सर्व्हिस पुस्तकात असेल तोच खरा. एकाने पेडल दाबून धरायचं, दुसऱ्याने चाकाजवळचा ऑईल सोडायचा निपल पाव फेरा सैल करून पुन्हा आवळायचा आणि मगच पहिल्याने पाय सोडायचा. टाकीतली पातळी खालच्या रेषेखाली जाऊ द्यायची नाही, नाहीतर वरून हवा ओढली जाते आणि सगळं काम पुन्हा. रंगावर थेंब सांडला तर लगेच पाण्याने धुवा. उरलेली उघडी बाटली पुढच्या वर्षासाठी ठेवू नका.

पॅड बसवताना कॅलिपरच्या दोन सरकत्या पिना बाहेर काढून पुसा. त्या बोटाने सहज सरकल्या पाहिजेत. रबरी बूट फाटले असतील तर बदला. पिनांना ब्रेकसाठीचं सिलिकॉन ग्रीसच लावा. साधं पिवळं ग्रीस रबर फुगवतं आणि तापलं की वितळून वाहतं. पिन अडकली की पॅड पाचरीसारखा एका टोकाला झिजतो, आतला संपतो आणि बाहेरचा नव्यासारखा राहतो, आणि आपण चाकाच्या जाळीतून बाहेरचाच बघून खुश असतो. पिस्टन मागे ढकलताना टाकीतलं ऑईल वर येतं, त्यावर लक्ष ठेवा. बोल्ट अंदाजाने नको, पुस्तकात दिलेल्या आकड्याला टॉर्क पान्याने आवळा. शेवटी गाडी हलवायच्या आधी पेडल चार-पाच वेळा पंप करा. हे विसरलं तर गॅरेजच्या दारातच पहिला दाब फुकट जातो.

डिस्कवर किमान जाडी कोरलेली असते. तिच्याजवळ आलेली डिस्क ट्रॅकवर नेऊ नका, पातळ लोखंड कमी उष्णता साठवतं. आरपार भोकं पाडलेल्या डिस्कचा मोह टाळा. तापून गार होताना त्या भोकांपासूनच तडे सुरू होतात. साधी, सपाट, कंपनीची डिस्क पहिल्या वर्षाला पुरेशी आहे.

नवा पॅड लावून तडक ट्रॅकवर जाणं ही मी पाहतो त्या चुकांमधली सर्वात महाग चूक आहे. नव्या पॅडच्या रेझिनमधून पहिल्यांदा तापताना वायू सुटतो आणि पॅड व डिस्क यांच्यामध्ये त्याची गादी तयार होते. त्या क्षणी ब्रेक नाहीसाच होतो. म्हणून पॅड बसवायचा म्हणजे रुळवायचा. डब्यातल्या कागदावर कंपनीची रीत असेल तर तीच पाळा. नसेल तर ही चालते: ताशी ६० वरून २० वर मध्यम दाबाने आठ-दहा वेळा, मग ९०-१०० वरून ३० वर जरा जोरात सहा-आठ वेळा, एबीएस लागू न देता. मधे कुठेही पूर्ण थांबायचं नाही. नंतर दहा-पंधरा किलोमीटर शक्यतो ब्रेक न लावता चालवायचं आणि गाडी पूर्ण गार होऊ द्यायची. जळका वास येईल, थोडा धूर दिसेल, ते अपेक्षित आहे. नीट रुळलेल्या डिस्कवर करड्या-निळसर रंगाचा एकसारखा थर दिसतो. तो थर म्हणजे पॅडचाच मसाला, आणि पुढचं घर्षण त्यावरच घडतं. जागा मात्र विचार करून निवडा. सुरत-नागपूर महामार्गावर भर दिवसा हे करायचं नाही. मागे कपाशीने लादलेला ट्रक असताना तुम्ही १०० वरून ३० वर आलात तर त्याला ते जमणार नाही. भल्या पहाटे, मोकळा आणि सरळ पट्टा, आरशात कुणी नाही, समोर बैलगाडी नाही, तेव्हाच.

गरम पॅड दाबून धरून गाडी उभी केली तर मसाल्याचा ठसा एका जागी डिस्कवर छापला जातो. पुढे प्रत्येक दाबाला स्टिअरिंग थरथरतं आणि लोक म्हणतात डिस्क वाकली. बहुतेक वेळा ती वाकलेली नसते, तिच्यावर डाग पडलेला असतो. म्हणून ट्रॅकवर प्रत्येक सत्राची शेवटची फेरी गार करण्याची. वेग ठेवा, ब्रेक टाळा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढू नका. पहिल्या गिअरमध्ये ठेवून चाकामागे दगड लावा आणि पेडलवरून पाय काढा. पहिल्या दिवशी तीन-चार जोरदार फेऱ्या, मग एक गार फेरी, मग बाहेर, हा हिशेब पुरे. बुद्धवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे, तिथे वेग आणि म्हणून दाब मोठा. कारी छोटा, तिथे दाब लहान पण दोन वळणांमध्ये गार व्हायला वेळच कमी. दोन्हीकडे पॅडची परीक्षा होते, फक्त वेगळ्या तऱ्हेने.

जाताना मसाला निम्म्याहून जास्त शिल्लक असलेलेच पॅड न्या. नवा साधारण १०-१२ मिलिमीटर असतो, तेव्हा ६ च्या खाली असेल तर ट्रॅकसाठी नको. रस्त्यावर ३ मिलिमीटरपर्यंत चालतं हे खरं, पण पातळ पॅड उष्णता अडवत नाही, ती सरळ पिस्टनला आणि ऑईलला देतो. म्हणजे झिजलेला पॅड ऑईल उकळवतो. दर सत्रानंतर टॉर्च मारून आतला आणि बाहेरचा दोन्ही बघा. डिकीत जुने अस्सल पॅड, जॅक, पाना, अर्धा लिटर सीलबंद ऑईल आणि निपलवर बसणारी पारदर्शक नळी असू द्या. वाटेत बदलायची वेळ आली तर रुळवण्याचा एक छोटा फेरा पुन्हा करावा लागेल, कारण डिस्कवर आधीच्या पॅडचा थर बसलेला असतो आणि दोन जातींचे मसाले एकमेकांना लगेच मानत नाहीत. म्हणूनच ट्रॅकला एक आणि रस्त्याला एक असे दोन संच करण्यापेक्षा नवख्याने एकच, मधल्या जातीचा पॅड ठेवलेला बरा.

परतीला निघण्याच्या आदल्या संध्याकाळी गाडी पूर्ण गार झाल्यावर चारही चाकं बघा. मसाल्याची जाडी लिहून ठेवा, डिस्कच्या कडेपर्यंत पोचलेला तडा आहे का ते बघा, टाकीतली पातळी बघा. मसाला झिजला की ती थोडी खाली येतेच, पण फार उतरली असेल तर गळती शोधा. इंजिन चालू ठेवून पेडल तीस सेकंद ठाम दाबून धरा. हळूहळू बुडत असेल तर निघू नका, आधी एअर काढा आणि तरीही बुडत असेल तर मास्टर सिलिंडर दाखवा. मग सेंधव्याला चहा घ्या. माथ्यावर, उतार सुरू व्हायच्या आधी, एकदा हलकं दाबून पेडल कुठे धरतं ते बघा आणि तिसरा गिअर टाका. गाडी तरीही धावत असेल तर दुसरा. ब्रेक थोडा दाबा, पूर्ण सोडा, पुन्हा थोडा दाबा. पळासनेरपर्यंत असंच.